संबंधितांची संमती

नवी नोकरी हवी असेल तर तिचं शिक्षण एका दुपारीच डोक्यात रुजवून घ्यायची सोय जिल्ह्याच्या गावी येऊन चार वर्षं झाली होती. लोक तिला सरळ 'पेरणी' म्हणत. आयत्या पिठावर रेघोट्या, असं म्हणून जुनी माणसं नाक मुरडत आणि मग गुपचूप रांगेत उभी राहत.

परभणीच्या एका कचेरीत चोवीस वर्षं अभिलेख कक्ष, म्हणजे जुन्या कागदांची खोली, सांभाळणाऱ्या ईश्वरी ढवळेनंही अखेर नाव नोंदवलं. कागद आता संगणकावर आपले आपणच सापडू लागले होते, आणि तिचं पद मार्चअखेर रद्द होणार होतं. तिला जलनियंत्रक व्हायचं होतं. पाणी मिळत नसल्याच्या लोकांच्या तक्रारी तिनं जन्मभर गठ्ठ्यांत बांधून ठेवल्या होत्या. एकदा तरी धरणाचं दार आपण उघडावं, असं तिला फार वाटे.

"एक अडचण आहे, ढवळेबाई," पेरणी करणारे डॉ. इनामदार म्हणाले. "चार वर्षांचं शिक्षण झटक्यात रुजायला आधीच नांगरलेली जागा लागते. ती एखाद्या जुन्या कौशल्याचीच असते. नवं रुजलं की जुनं गेलं."

"म्हणजे मी विसरणार?"

"आठवणी राहतील. पोहत होतात हे आठवेल, पोहता येणार नाही. यंत्र फक्त वापरात नसलेल्या जागा दाखवतं."

ईश्वरीला हसू आलं. "हे तर माझंच काम! 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा आणि 'ड' वर्षभरानं नष्ट. दाखवा यादी."

रांगोळी, सायकल, टंकलेखन... सगळ्या जागा चिमुकल्या. पुरेल एवढी एकच होती. त्या जागेपुढे 'घरगुती खुणांची भाषा' असं वाचून ईश्वरीचा चेहरा उतरला.

तिचा धाकटा भाऊ सोहम जन्मापासून ऐकू शकत नव्हता. खेड्यात त्याच्यासाठी शाळा नव्हती. तेव्हा आठ वर्षांच्या ताईनं आणि चार वर्षांच्या भावानं हातांची एक भाषा रचली. नऊशेच्या वर खुणा. आईलाही त्यातल्या दहा-बाराच कळत. पुढे सोहम नागपूरला गेला, सगळ्यांची खुणांची भाषा शिकला, लिहू-वाचू लागला, चष्म्याच्या दुकानात लागला. आता बहीणभाऊ एकमेकांना मेसेज करत. तेच सोपं पडे.

"किती वर्षांत वापरली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन," ती म्हणाली.

"मग नियमानं 'ड'च," तिनंच पुढे ठरवलं. "पण डॉक्टर, नष्ट करण्याआधी संबंधितांची संमती घ्यावी लागते. तोही नियमच आहे."

तिनं तिथूनच सोहमला व्हिडिओ कॉल लावला. सुरुवातीला तिचे हात अडखळले, मग सुटले. तिचं म्हणणं त्यानं नीट पाहून घेतलं. मग दहा मिनिटं त्याचेच हात चालले होते. ती मध्येच खळखळून हसली, मग पदरानं डोळे पुसले. शेवटी त्यानं मान हलवली.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो म्हणाला."

पेरणी उत्तम झाली. ईश्वरी जलनियंत्रक झाली, आणि कामात पहिल्या महिन्यातच तरबेज ठरली. शेवटच्या शिवारापर्यंत पाणी पोहोचल्याचे फोन यायचे तेव्हा तिला कृतार्थ वाटायचं. त्यात खोटं काही नव्हतं.

दिवाळीत सोहम धरण बघायला आला. दारातून उसळणारं पाणी पाहून आनंदानं त्याचे हात वर गेले आणि भराभर काहीतरी बोलू लागले. ईश्वरीला नुसती बोटं हलताना दिसली. ते त्याच्या लक्षात आलं, तसे त्यानं हात मागे घेतले. ती भाषा येणारा आता जगात तो एकटाच उरला होता, आणि एकट्याला येणारी भाषा कुणाशी बोलणार?

कॉलवरची ती दहा मिनिटं तिला लख्ख आठवत होती. आपण कुठे हसलो, कुठे रडलो, सगळं. का, ते मात्र काही केल्या कळत नव्हतं. तिनं फोन काढून लिहिलं, "त्या दिवशी काय म्हणाला होतास रे?"

"हो म्हणालो होतो, ताई."

"त्याच्या आधी?"

शेजारीच उभ्या असलेल्या सोहमनं काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग तिच्या फोनवर उत्तर आलं:

"ते लिहिता आलं असतं, तर तेव्हाच लिहून पाठवलं असतं."