तळ्यावरची मुकादमीण

"अहो, ओ बादलीवाले! जागचे हलू नका!"

तो हलला नाही. रविवारची सकाळ, चिखलातून वर आलेली एक मुलगी, हातात दाताळं, कपाळावर चिखलाचा पट्टा... अशा वेळी शहाणा माणूस हलत नाही.

"बादलीत काय आहे?"

"फूल. जांभळं. किती सुंदर आहे बघा ना... म्हटलं, गॅलरीत टबात लावावं."

"मुळासकट?"

"झाड मुळासकटच लावतात ना?"

तिनं बादली हिसकावली, काठावर सुकत टाकलेल्या ढिगावर ते रोप उपडं केलं आणि रिकामी बादली त्याच्या हातात दिली. "हिला जलपर्णी म्हणतात. एक रोप पाण्यात राहिलं की बघता बघता तळं गिळतं. चार वर्षं आम्ही हिला उपसतोय आणि तुम्ही तिला पाहुणी म्हणून घरी नेताय!"

"चुकलो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दंड काय?"

"दर रविवारी सकाळी सहा वाजता. जुने कपडे घालून या."

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आठवडाभर 'आता खालची ओळ वाचा' असं मऊ आवाजात म्हणणारी ही पोर तळ्यावर आली की नाकावर माशी बसू द्यायची नाही. म्हणून सगळे तिला मुकादमीण म्हणत, आणि ते ऐकून ती मनातून खूश होई. का होऊ नये? चाळीस माणसं तिच्या एका हाकेवर पाण्यात उतरत होती. चार वर्षांपूर्वी हिरव्या गालिच्याखाली पाणी आहे हे शपथेवर सांगावं लागे. आता तळ्याचा मोठा भाग मोकळा झाला होता आणि त्यात ढग दिसत होते.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. काठावरच्या नव्या उंच इमारतींसाठी बदली होऊन आला होता. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा सोबत दोन कप्प्या, जाड दोर आणि स्वतःवरचा भलताच विश्वास होता.

"दहा माणसं ओढतात तो गठ्ठा आपण दोघं ओढू."

"आणि नाही जमलं तर?"

"आणखी एक दंड करा. मला तुमचे दंड आवडायला लागलेत."

जमलं! गठ्ठा डुलत डुलत काठावर आला आणि निवृत्त पोस्टमनकाकांनी या वयात चक्क शिट्टी मारली. तेव्हापासून दोराच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती.

"सारखं माझ्याकडे काय बघताय?"

"दोराकडे बघतोय. दोराच्या त्या टोकाला तुम्ही आहात, त्याला मी काय करू?"

"एकदा दुकानात या. डोळे तपासून देते."

"नको. तुम्ही शेजारी उभ्या असलात तर मला वरची ओळसुद्धा वाचता यायची नाही."

तिनं मान फिरवली खरी, पण कान लाल झाले ते कुठे लपवणार? मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाचे डोळे थोडेच मिटतात? सगळ्यांसाठी चहा करणारी तिची आई त्याच्या कपात जास्त साखर घालायला लागली होती, यातच काय ते आलं.

काम संपलं की सगळे गोल करून चहा प्यायचे आणि मग 'कबुली' व्हायची. हा नियम मुकादमिणीचाच. एकदा कुणीतरी दाताळ्याचा तुटलेला दात लाजेपोटी चिखलात दडपला आणि दुसऱ्याचा पाय कापला. तेव्हापासून ठरलं, की आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, आणि कारणासकट. कुणी रागवायचं नाही. पोस्टमनकाका म्हणायचे, "गमबूट विसरलो. कारण, बायकोनं शोधून दिले आणि मी म्हटलं, हे माझे नव्हेत." सगळे हसायचे. मुकादमिणीला मात्र चार वर्षांत एकदाही तोंड उघडावं लागलं नव्हतं. त्याचा तिला केवढा अभिमान!

मग पाणीखात्याचं पत्र आलं. साहेब रविवारी दुपारी येऊन मोजणी करणार. पाव तळ्याहून जास्त जलपर्णी निघाली, तर सगळीकडे औषध फवारणार. फवारलं की जलपर्णी मरते, तिथंच कुजते आणि मासे तडफडून मरतात. कमी निघाली आणि साहेबांचं समाधान झालं, तर तळं या मंडळींच्या हाती राहणार. एका मोजणीवर चार वर्षं टांगली होती.

शनिवारी संध्याकाळी उरलेली जलपर्णी एका कोपऱ्यात कोंडून झाली. तिच्यापुढे तरंगतं कुंपण होतं, म्हणजे रिकामे कॅन ओवलेला लांब दोर, दोन्ही काठांच्या लोखंडी खांबांना बांधलेला. शेवटची गाठ ती स्वतः मारायची. खांबाला दोन वेढे, मग फास आवळायचा. तिनं दोन वेढे दिले...

"एक विचारू?" तो मागून म्हणाला. "उद्यानंतर माझा दंड संपतो का?"

ती वळली. मावळतीचं ऊन त्याच्या चेहऱ्यावर होतं, भुवईवर शेवाळाची एक काडी. तिनं हात पुढे केला आणि ती काडी काढली. 

"नाही संपत," ती शेवटी म्हणाली, आणि जवळजवळ पळतच घरी गेली.

सकाळी तिच्या तोंडचं पाणी पळालं. रात्रभर वारा सुटला होता. जलपर्णी कोपरा सोडून मोकळ्या पाण्यात ऐसपैस पसरली होती आणि दोराचं टोक काठाशी लोळत होतं. तुटलेलं नव्हतं, सुटलेलं होतं. कुणाची गाठ, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

रडायला वेळ नव्हता. तिनं हाका मारल्या. चाळीस माणसं आली, बायका आल्या, आईसुद्धा चहाचं काम सोडून गमबूट घालून उतरली. कप्प्या करकरत होत्या, तळहात सोलले, कुणी कुणाला दोष दिला नाही. बाराच्या ठोक्याला साहेब नावेत बसले तेव्हा शेवटचा गठ्ठा नुकताच काठावर आला होता.

मोजणी झाली. पाव तळ्याहून कमी! टाळ्या पडल्या. पण गोलात येऊन चहाचा कप घेतलेल्या साहेबांनी सहीचं पेन उघडलंच नाही.

"सकाळी मला फोनवर कळलं, कुंपण सुटलं होतं. कसं सुटलं? परत सुटणार नाही कशावरून?"

"वारा होता, साहेब," पोस्टमनकाका चटकन म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मूग गिळून बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. ती उभी राहिली.

"वाऱ्यानं नाही सुटलं. गाठ माझी होती. दोन वेढे दिले, पण फास आवळलाच नाही."

पोस्टमनकाका हळूच म्हणाले, "पोरी... नियमाप्रमाणे कारणही सांगावं लागतं."

तिनं एकदा आईकडे बघितलं. "कारण... मी गाठीकडे बघत नव्हते. यांच्याकडे बघत होते."

चाळीस कप हवेत थांबले. तो उठला.

"माझीही एक कबुली आहे. अकरा वर्षं लिफ्टचे दोर तपासतोय. न तपासता एकही सोडला नाही. काल हिनं बांधलेला दोर... मी तपासला नाही."

"कारण?" सगळा गोल एका सुरात ओरडला.

"तेच," तो म्हणाला. "मीही हिच्याकडेच बघत होतो."

काय हशा उठला! साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पेन उघडलं. "नुसतं 'वारा' म्हणून थांबला असतात तर मी सही केली नसती. वाऱ्याला कोण आवरणार? गाठ नीट मारता येते." सही करता करता ते म्हणाले, "फक्त यापुढे या दोघांना एका खांबापाशी ठेवू नका."

"ठेवायचं की नाही ते मी ठरवीन, साहेब," मुकादमीण म्हणाली. "तळं आता आमच्याकडे आहे."

आणि मान ताठ ठेवून, आईच्या आणि साऱ्या मंडळींच्या देखत, तिनं आपला सोललेला, चिखलानं भरलेला हात त्याच्या हातात दिला.