जुनी प्रत

श्रीवर्धनच्या वाचनालयासमोर वाळत घातलेल्या सुपारीवर परतीच्या पावसाचे टपोरे थेंब पडू लागले, तेव्हा कल्पिता एकटीच ताडपत्री ओढत होती. रस्त्यापलीकडे एसटीची वाट बघणारा एक तरुण धावत आला, त्यानं दुसरं टोक धरलं. सुपारी झाकली गेली. दोघं मात्र चिंब भिजली... आणि म्हसळ्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

"पुढची कधी?"

"दीड तासानं. चहा घ्याल?"

"गाडी चुकवलीत माझी. आता चहा तर पाजायलाच हवा!"

त्याचं नाव विनेश. नोकरी पुण्यात, पण सध्या म्हसळ्याला घरूनच काम करत होता. कल्पिता वाचनालयासाठी गावोगावच्या बायकांची लग्नगीतं संगणकावर उतरवून घ्यायची. फायलींच्या गर्दीत तिची एक ओळ सापडेना, म्हणून विनेशनं खुर्ची ओढली. पुढच्या शनिवारी येऊन त्यानं स्वतः वापरायचा तो एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा नि फायली सांभाळायचा प्रोग्रॅम, तिला बसवून दिला.

"शेवटी नागमोडी रेघ असलेली ही नावं म्हणजे जुन्या प्रती. फाइल बदलून साठवली, की आधीची अशी मागं राहते. एकेक कशाला निवडायची? हे बटण दाबा."

तिनं दाबलं. साठ-सत्तर नावांपुढे एकदम D उमटला.

"अगंबाई! गेल्या?"

"नाही हो, नुसती खूण झाली. x दाबून हो म्हणाल तेव्हा जातील. एखादी ठेवायची असेल तर तिच्यावर u."

"आणि चुकून भलतंच काही गेलं तर?"

"तर मला परत यावं लागेल... चालेल?"

ती कीबोर्डकडे बघत राहिली. नाही म्हणाली नाही.

मग शनिवार ठरूनच गेले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. तो गाण्यातला शब्द मुद्दाम चुकवायचा. ती रागावली, की हसायचा. डब्यातली शेवटची आंबोळी ती न बोलता त्याच्यापुढे सरकवायची.

दिवाळीनंतरच्या शनिवारी त्यानं गाण्यातला एकही शब्द चुकवला नाही.

"उद्या पुण्याला जातोय. कुठलं बटण कशाला, ते 'कल्पितासाठी' नावाच्या फायलीत लिहून ठेवलंय."

तो कप विसळायला मागीलदारी गेला. आपण शिकलो हे त्याला दाखवावं, म्हणून तिनं जुन्या प्रतींवर एकदम खूण केली. पुसण्याआधी यादीवरून नजर फिरवली, तर त्यातही एक 'कल्पितासाठी' होती. तिनं ती उघडली.

'कल्पिता, समोर बोलताना जीभ वळत नाही, म्हणून लिहितोय. माझ्याशी लग्न करशील?'

तारीख पंधरा दिवसांपूर्वीची.

विनेश ओले कप घेऊन दारात थबकला.

"ते... मी त्या फायलीतून खोडलं होतं."

"का?"

"मागच्या रविवारी तळा गावच्या एका मुलीकडचे आले होते. आजोबांनी सुपारी फोडली."

"आणि तू?"

"सगळे बसले होते गं... कसं बोलणार?" तो पुढे आला. "अजून वेळ गेलेली नाही. तू हो म्हण, मी आज घरी सांगतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

त्यानं मान खाली घातली.

"म्हणजे मी नाही म्हटलं, तर तळ्याची आहेच," ती म्हणाली. "त्या मुलीला ठाऊक आहे का, की तिचं नशीब माझ्या हो-नाहीवर टांगलंय?"

"कल्पिता—"

"नको."

तिनं त्याच्या हातातले कप घेतले.

दाराशी जाऊन तो वळला. "एवढंच सांग. तेव्हाच विचारलं असतं, तर...?"

"हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या तोंडातून दुसरा शब्द निघायच्या आधी."

तो काही तरी बोलायला गेला. तिनं हातानंच थांबवलं.

"जा आता. तुझी गाडी आली बघ."