कराचीपर्यंतचा दोरा

आप्पा कराचीला निघाले त्या रविवारी घरात विशेष काहीच घडलं नाही. विद्युल्लतेने शिदोरी बांधली, आईने तंबाखूच्या नमुन्यांची पेटी फडक्याने पुसली. टांग्यात बसताना आप्पा लेकीला म्हणाले, "घटप्रभा स्टेशनवर चहा घेईन. पुढे फार लांबचा पल्ला आहे बाई!"

दोन आठवड्यांत ते तापाने गेल्याची तार आली.

मे महिन्याची सुट्टी मात्र चालूच होती. भेटायला येणाऱ्यांना पाणी देऊन देऊन विद्युल्लतेचे हात भरून येत. त्यात आप्पा काम करत त्या तंबाखूच्या वखारीचे दिवाणजी हरिभाऊ ओसरीवर सगळ्यांदेखत आप्पांविषयी म्हणाले, "तीन दिवसांचा प्रवास! मार्तंडराव पाचव्या दिवशी पोचले. दोन दिवस मुंबईत चैन केली, तिथेच ताप घेतला!"

आईने मान वर केली नाही.

"खोटं हाय ते!" शेजारचा गुंडू अंगणात आल्यावर म्हणाला. "पर दोन दिवस गेले कुठं गं?"

"तीन दिवस कशावरनं मोजले, ते आधी बघूया की!" त्याची बहीण अक्काताई म्हणाली.

भर दुपारी तिघं वखारीत शिरली. दिवाणजी तक्क्याला टेकून घोरत होते. भिंतीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा आणि त्यावर टाचण्यांना बांधलेला तांबडा दोरा : बेळगाव ते मुंबई, मुंबई ते कराची. अगदी सरळ!

"आयला! ह्यांनी आगगाडी दर्यातनं नेलीया!"

"हळू रं! उठतील की! ह्या दोऱ्यावरनंच तीन दिवस मोजलेत बघ!" अक्काताईने त्याला चिमटा काढला.

विद्युल्लता जवळ गेली. दोरा समुद्रातून जात होता, कच्छच्या रणावरून जात होता. तिथे रूळच नव्हते. रुळांची काळी रेघ मुंबईहून वर अहमदाबादला, तिथून मारवाडला जाऊन मग पश्चिमेला सिंधकडे वळत होती. तिने मुंबईपुढचा दोरा सोडून त्या रेघेवर वळणावळणाने बसवला. तो मारवाडलाच संपला.

"अजून निम्मी वाट राहिली!" ती ओरडलीच.

"कोण रे ते? दोरा कुणी सोडला?" हरिभाऊ धडपडत उठले. तेवढ्यात वखारीचे मालक मारुतीराव दारात आले; ओसरीवरचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलं होतं.

गुंडू पळायच्या बेतात होता. विद्युल्लता हलली नाही. तिने फळीवरचं रेल्वेचं वेळापत्रक काढलं आणि पानं उलटत एकेक गाडी वाचून दाखवली. रविवारी रात्री बेळगाव. सोमवारी रात्री मुंबई सोडली. मंगळवारी अहमदाबादला गाडी बदलली, मग वाळवंट, बुधवारी रात्री सिंधचं हैदराबाद. गुरुवारी कराची.

"रविवार धरून पाचवा दिवस," ती म्हणाली. "एकही गाडी चुकली नाही."

"हरिभाऊ, मुंबईच्या पलीकडं कधी गेलाय व्हय तुम्ही?" मारुतीरावांनी विचारलं.

"न्हाय जी."

"मग आज संध्याकाळी त्याच ओसरीवर बसायचं आणि चूक झाली म्हणून सगळ्यांदेखत सांगायचं!" ते मुलांकडे वळले. "शाबास रं पोरांनो! नकाशा वाचायला कुणी शिकवलं गं तुला?"

"आप्पांनी."

तार आल्यापासून कुणी विचारलं तर ती "आप्पा कराचीला आहेत" एवढंच सांगत असे. घरातले तिला दुरुस्त करत नसत.

"ते कुठेच रेंगाळले नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "एवढ्या लांब एकटे गेले आणि तिथे वारले. माझे आप्पा वारले."