सायलेन्सरमागचा बर्फ

रात्री गाडी उभी केली की वायपर काचेवरून उचलून उभे ठेवायचे, हे होक्काइदोतल्या त्या गावात दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं. तात्सुएने कालही ते केलं होतं. सकाळी सातला ती फावडं घेऊन अंगणात आली, तर गाडी बर्फाखाली गेलेली आणि वायपर आडवे होऊन काचेला घट्ट चिकटलेले.

"अहो, वायपर तुम्ही पाडलेत?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" योशिझो दारातून म्हणाला. "आटप. नऊला डायलिसिस आहे. मागचा वार वादळात गेला... आजचाही गेला तर माझा फोटो शोधून ठेव."

त्याचे सुजलेले पाय बुटात मावत नव्हते. 

तिने आधी सायलेन्सरमागचा बर्फ उकरून नळी मोकळी केली. मग दारातूनच हात घालून इंजिन सुरू केलं. योशिझो डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"गरम पाणी ओत, चुटकीसरशी होईल."

"आणि काच तडकली की तुम्हाला पाठीवर घेऊन जाऊ?"

गेल्या हिवाळ्यापासून हा क्रम तिने मोडला नव्हता. शेजारचा कुवाबारा, चांगला ताडमाड माणूस, असाच गाडी तापवत आत बसला होता. योशिझो यंत्राने आपल्या अंगणातला बर्फ गुपचूप त्याच्या हद्दीत उडवत होता. गावात सगळेच करतात. तो बर्फ कुवाबाराच्या गाडीमागे साचला, नळी बुजली, धूर आत भरला आणि तो बसल्या जागीच गेला. वादळाचाच बर्फ, असं सगळे म्हणाले. या दोघांनीही माना डोलावल्या.

तिने वरचा बर्फ झाडला आणि काच खरवडायला घेतली. खर्र, खर्र... इंजिनाचा आवाज आता दबल्यासारखा येत होता. तेवढ्यात उजवीकडे, स्टिअरिंगच्या बाजूला, धुरकट काचेवर आतून एक तळवा गोल गोल फिरू लागला.

"अहो, राहू द्या. फराटे दिसतात मग."

डावीकडे खरवडलेल्या भोकातून तिने आत पाहिलं. योशिझोची मान कलली होती. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

उजवीकडचा तळवा अजून फिरत होता.

ती धडपडत मागे धावली. नळीवर बर्फाचा ढीग होता. थापून, गुळगुळीत केलेला. तिने तो नखांनी फोडला, दार उघडलं, इंजिन बंद केलं आणि नवऱ्याला बाहेर ओढलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"दार कशाला उघडलंस... ऊब जाते, म्हणत होता तो."

"कोण?"

योशिझोने शेजारच्या अंगणाकडे पाहिलं आणि तो रडू लागला. "आपण सांगायला हवं होतं गं, तात्सुए..."

तिलाही हुंदका आवरेना. पण पावणेआठ झाले होते, आणि त्या रस्त्यावर अँब्युलन्स दुपारपर्यंत पोचली नसती. तिने चारही काचा खाली केल्या, नळी पुन्हा तपासली, त्याला मागे बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसली.

तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. काल संध्याकाळी तिनेच गाडी चालवत आणली होती. आता सीट पार मागे सरकलेली होती, आणि बसायची जागा गरम होती.