वाढवलेल्या बांगड्या

बार्शीच्या त्या शाळेत नववी ‘ब’ला इंग्रजीचा तास म्हणजे निव्वळ चैन होती. प्रत्येकाच्या कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढा अर्थमणी. कुठल्याही भाषेतलं वाक्य आलं की मणी त्याची सालं काढायचा आणि आतला अर्थ साध्या मराठीत कानात सांगायचा. शब्दकोश कपाटात गेले होते, अलंकार ओळखण्यात सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण होते. इंग्रजी शिकवणाऱ्या ढवळेबाईंना याचं कौतुक कमी आणि राग जास्त होता.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर ‘युफेमिझम’ लिहिलं. “नकोशी गोष्ट सौम्य करून सांगायची. ‘ही पास्ड अवे’ म्हणजे?”

“मेला,” अख्खा वर्ग म्हणाला.

“मग सरळ तसंच का नाही म्हणत?”

पोरांनी कानामागचा मणी चाचपला. ‘का’ हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“बरं, आपल्या भाषेतलं सांगा. रेणुका, तुमचं बांगड्यांचं दुकान. बांगडी फुटली तर आई काय म्हणते?”

“वाढली म्हणते,” रेणुका कासार म्हणाली. “फुटली म्हटलं की ओरडते. अशुभ असतं म्हणे.”

“आणि मणी काय म्हणतो?”

“फुटली.”

पोरं हसली. रेणुका हसली नाही. तिच्या वडिलांचं यकृत निकामी झालं होतं. आई पंधरा दिवस त्यांच्यापाशी पुण्याच्या दवाखान्यात होती, आणि रेणुका इथे मावशीकडे. आज ऑपरेशन होतं. यकृताचा तुकडा देणारं कुणीतरी मिळालंय, एवढंच आईने सांगितलं होतं. म्हणून तास चालू असताना निरोप ऐकायची बाईंनी तिला मुभा दिली होती.

दहा मिनिटांनी निरोप आला. उपमा समजावताना असतो त्याच आवाजात मणी म्हणाला, “वडील वारले.”

रेणुका उभी राहिली आणि तशीच खाली बसली. शेजारणीने बाईंना हाक मारली. बाई धावत आल्या, तिचे गार हात त्यांनी धरले.

“कोण म्हणालं? आई?”

“मणी.”

“आईचे शब्द काय आहेत?”

रेणुकाला सांगता येईना. मणी अर्थ देई. शब्द ऐकायची वेळच येत नसे. बाईंनी तो मणी काढून टेबलावर ठेवला आणि फोनवर मूळ निरोप लावला.

“बाळा, बांगड्या वाढवल्या बघ सगळ्या. हात कसा हलका वाटतोय. डबा खाल्लास का?”

“आजारी नवरा आणि बांगड्या वाढवल्या,” बाई हळूच म्हणाल्या. “मण्याने दोन आणि दोन चार केले. पण असं काही झालं असतं, तर आई अशी डब्याचं विचारत बसली असती का गं?”

रेणुकाने फोन लावला.

“आई, बाबा?”

“आहेत की. ऑपरेशनआधी चहा देत नाहीत म्हणून सिस्टरशी भांडतायत.”

रेणुकाला रडू फुटलं. पोटभर रडली. मग एकदम थांबली.

“मग बांगड्या कशाला वाढवल्यास?”



“आत काचेचं काही चालत नाही म्हणे. मनगटावरून निघेनात, मग काय करणार.”

“आत म्हणजे? तू कशाला आत?”

“माझंच यकृत जुळलं गं त्यांना. तुला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही. मला काही होत नाही. दोन दिवसांत उठून बसते की नाही बघ.”

रेणुकाने आवाज कान देऊन ऐकला. आई नेहमीसारखीच बोलत होती, फक्त जरा भरभर. ती खरं सांगत होती, की सौम्य करून? मणी टेबलावर हाताच्या अंतरावर होता. कानाला लावला असता तर त्याने एका क्षणात सांगितलं असतं.

“बाळा, आहेस ना?” आईने विचारलं.

‘मला काही होत नाही’ या वाक्याचा अर्थ रेणुकाला खरंच हवा होता का?