‘टेक केअर’ला रशियनमध्ये काय म्हणतात

डोंबिवलीच्या मैथिलीला काळजी करायला कारण लागत नसे. गॅस बंद केलाय का, हे ती दोनदा बघायची आणि जिना उतरून पुन्हा एकदा वर यायची. पण त्या मंगळवारी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या जिन्यात एका अनोळखी तरुणाने तिला थांबवलं, तेव्हा मात्र काळजीचं कारण खरोखरच समोर उभं होतं.

"रशियनवाल्या मॅडम तुम्हीच ना?"

उंच, सावळा, तिच्याच वयाचा. बोटांना तेलाचे डाग, हातात गुंडाळलेली पुस्तिका. त्या कारखान्यात मासळी गोठवायची यंत्रं बनायची. त्यातलं एक रशियाच्या उत्तर टोकाच्या एका बंदरासाठी होतं आणि त्याची माहितीपुस्तिका, त्यावरच्या पाट्या हे सगळं इंग्रजीतून रशियनमध्ये मैथिलीनेच करून दिलं होतं.

"मी सुदेश. फिटर आहे. मशीन बसवायला पुढच्या महिन्यात मीच जाणार. रशियन येत नाही मला, पण अक्षरं जुळवून बघत बसलेलो. हे पान बघा, इथे लाल त्रिकोण आहे. आणि इथे नुसतं तेल घालायचंय. मग दोन्हीकडे एकच शब्द कसा?"

मैथिलीने पान हातात घेऊन पाहिलं.

इंग्रजीत दोन्हीकडे ‘टेक केअर’ होतं. एके ठिकाणी अर्थ ‘निगा राखा’, दुसरीकडे ‘सावधान’. शेवटच्या दिवशी घाईत तिने त्याच्या जागी सगळीकडे ‘निगा राखा’चाच शब्द एका झटक्यात घालून टाकला होता. आता कुणी रशियन कामगार अमोनियाच्या व्हॉल्व्हपुढे उभा राहून वाचणार होता, की या व्हॉल्व्हची प्रेमाने निगा राखा.

"पाट्या?" तिने कसंबसं विचारलं.

"सतरा पाट्या. ठोकून झाल्या. मशीन गेल्या आठवड्यात जहाजावर चढलं."

ती जिन्याच्या पायरीवरच बसली. मग उठली. "साहेबांना सांगायला हवं. आत्ताच."

"मी येतो सोबत," सुदेश म्हणाला.

साहेबांनी ऐकवायचं ते ऐकवलं. मैथिली मान खाली घालून उभी राहिली. सुदेश शांतपणे म्हणाला, "सर, नव्या पाट्या बनवून द्या. पोचलो की आधी त्या बदलतो, मगच मशीन चालू करतो." साहेबांनी मान डोलावली.

परत जिना उतरताना त्याने विचारलं, "घाबरलात?"

"खूप."

"मग एक काम करा. मला थोडं रशियन शिकवा. ही चूक मला चित्रावरून कळली. तिकडे दर ठिकाणी चित्र नसणार."

असे ठाण्याच्या तलावपाळीवरचे रविवार सुरू झाले. सकाळी नऊला एका ठरलेल्या बाकावर. ऊन सरकलं की काही न बोलता सुदेश उठून तिच्या दुसऱ्या बाजूला बसायचा, म्हणजे त्याची सावली तिच्यावर पडायची. वही तो आणायचा नाही. कामावर मापं लिहायची त्याची सवय होती, तशीच तो रशियन अक्षरं मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने लिहून घ्यायचा. तो चेंदणी कोळीवाड्यातला. आजोबांची खाडीत होडी होती. "आता खाडीत मासळी उरली नाही," तो म्हणायचा, "म्हणून मी तिच्या मागे रशियापर्यंत चाललोय."

पहिला धडा अर्थातच ‘टेक केअर’चा.

"समजा माझ्या हातात उकळता चहा आहे, आणि मी गर्दीतून चाललोय."

"अस्तारोझ्ना. म्हणजे जपून, सांभाळून."

"समजा मला ताप आलाय."

"पाप्राव्ल्याइत्येस. लवकर बरे व्हा."

"समजा साहेब फोन ठेवतायत."

"फ्सिवो दोब्रवा. त्यात काळजीबिळजी काही नसते. चला, भेटू, एवढंच."

"आणि समजा..." तो तळ्याकडे बघत म्हणाला, "मी लांब चाललोय. आठ महिने. आणि म्हणणारीला मनापासून वाटतंय."

मैथिलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बिरिगीते सिब्या. स्वतःला जपा."

"जपा?"

"ते ‘तुम्ही’चं रूप आहे."

"‘तू’चं पण असेल की."

"असतं. बिरिगी सिब्या."

"ते कुणाला म्हणतात?"

"घरच्यांना. मित्रांना. आणि..."

"आणि?"

"आणि पुढच्या रविवारी सांगते."

पण पुढच्या रविवारी ती क्रियापदांवरच बोलत राहिली. रात्रंदिवस चाललेल्या युद्धाच्या बातम्या, तिथली थंडी, अमोनिया... तिच्या मनात एवढी भीती साठली होती, की दुसरं काही बोलायला तोंड उघडलं तर आधी तीच बाहेर पडेल असं तिला वाटायचं.

निघायच्या दिवशी कंपनीची गाडी त्याला तीन हात नाक्यावरून घेणार होती. ती ऑफिसच्या कामाचं निमित्त काढून आली. नव्या पाट्यांचं पुडकं त्याने सामानात न टाकता छातीशी धरलं होतं.

"बोला," तो म्हणाला. "शिकवलंत ते बोला."

"बिरिगीते सिब्या," मैथिली म्हणाली.

तो क्षणभर थांबला, शब्द अजून थोडा आखूड होतोय का याची वाट बघितल्यासारखा. मग हसला आणि गाडीत बसला. गाडी पुलाखालून वळेपर्यंत मैथिली स्वतःवरच चिडून उभी होती.

तिथून रोज दुपारी दीडला त्याचा मेसेज यायचा, त्याच्या चहाच्या सुट्टीत. सोबत एका नव्या पाटीचा फोटो. ‘चार झाल्या.’ ‘आठ झाल्या, इथली म्हातारी स्वयंपाकीण माझं रशियन ऐकून पोट धरून हसते.’ ‘अकरा. उरलेल्या सहा वरच्या पाइपांवर आहेत, तिथे बर्फ जमलाय.’

मग एका गुरुवारी काहीच आलं नाही.

शुक्रवारीही नाही. तिच्या मेसेजखाली एकच करडी खूण. तिने त्या शहराच्या बातम्या रशियनमध्ये उघडल्या. तिसरीच बातमी होती: मासळीच्या कारखान्यात अमोनियाची गळती, दोन जण रुग्णालयात. नावं नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे फक्त त्या सहा पाट्या नाचू लागल्या. त्याला काही झालं असेल, आणि तेही माझ्याच शब्दामुळे... कंपनीत फोन केला तर उत्तर आलं, "माहिती घेतोय."

तिला घरात बसवेना. रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा करत चारच्या सुमाराला ती कोळीवाड्यात पोचली. विचारत विचारत घर सापडलं. ओटीवर सुदेशची आई, आवडाबाई, कोळंबी सोलत बसली होती.

"कोन गो बाय तू?"

"मी मैथिली. सुदेशला रशियन शिकवायचे. त्याचा... त्याचा काही फोन आला का?"

"तू व्हय ती," आवडाबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्याचा नाय आला. पन सकालपासून तीनदा कोन बाई फोन करते, काय बरबरते, एक अक्षर समजत नाय. मी बोल्ले, फसवनारी हाय, बँकेचा नंबर मागल. ठेवून दिला."

"दाखवा नंबर." मैथिलीने हात पुढे केला.

नंबर रशियाचा होता. ती उलट फोन लावणार, एवढ्यात तो हातातच वाजला.

इतकी वर्षं भाषांतर केलं होतं, पण त्या क्षणी तिला साधं ‘हॅलो’ सुचेना. पलीकडून एक थकलेला बाईचा आवाज. रुग्णालयातली नर्स. मैथिली ऐकत गेली आणि वाक्यामागून वाक्य आवडाबाईला सांगत गेली.

"जिवंत आहे... बरा आहे. जुना पाइप फुटला होता. आत एक माणूस अडकलेला, त्याला यानेच ओढून बाहेर काढलं. डोळे ठीक आहेत. घसा भाजलाय, पाच दिवस बोलायचं नाही. त्याचा फोन आतच राहिला. त्याने कागदावर हा नंबर लिहून दिला. त्या म्हणतायत, आम्ही त्याच्याकडे नीट बघतोय."

आवडाबाईने कोळंबीचे हात तसेच कपाळाला लावले. मैथिलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एक प्रश्न अजून छातीत रुतला होता. तिने नर्सला विनंती केली, त्याला विचारा, पाट्यांचं काय झालं?

पलीकडे कागदाची सळसळ झाली. नर्सने त्याने लिहिलेलं गोंधळलेल्या आवाजात वाचलं, सतराच्या सतरा, बुधवारीच बदलल्या. ती घाबरली असेल, तिला सांगा.

मैथिली ओटीच्या खांबाला टेकली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिने पुरता श्वास घेतला.

"अ वी येमू क्तो?" नर्सने विचारलं.

मैथिलीने आवडाबाईकडे पाहिलं. मग अगदी हळू तिने एकच शब्द उच्चारला. "निव्येस्ता."

"काय इचारलंन तिनं?" आवडाबाईची नजर तिच्या तोंडावरच होती.

"विचारलं... तुम्ही त्याच्या कोण."

"मंग काय सांगितलंस?"

खोटं भाषांतर करणं सोपं होतं. शेजारीण, शिक्षिका, ओळखीची... समोरच्या बाईला काही कळलं नसतं. मैथिलीने डोळे पुसले.

"सांगितलं, त्याची होणारी बायको."

आवडाबाई पुन्हा कामाला लागली. तिने हातातली कोळंबी सोलून पुरी केली, ताटात टाकली.

"त्याला इचारलंस का?"

"नाही... अजून नाही."

"मंग इचार. फोन तुझ्याच हातान हाय."

मैथिलीने फोन दोन्ही हातांनी धरला. नर्सला म्हणाली, जरा त्याच्या कानाशी धरा. आणि मग मराठीत, एका दमात, थांबले तर धीर जाईल म्हणून, बोलून टाकलं, "सुदेश, मी तुला आता ‘तू’च म्हणणार आहे. आज, उद्या, कायम. चालेल ना?"

त्याला बोलायची बंदी होती, हे तिला आठवलं आणि तरीही ती वाट बघत राहिली. मग नर्सचा आवाज परत आला, आता हसू दाबत. मैथिली ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचे कान लाल झाले.

"काय बोलते?" आवडाबाईने विचारलं.

"म्हणते, तो हो म्हणून मान हलवतोय. सारखी हलवतोय. त्याला थांबायला सांगा, डॉक्टरांनी स्वस्थ पडून राहायला सांगितलंय."