चार मिनिटांचा फोटो

ही गोष्ट १९५४ सालची. त्या वर्षी मे महिन्यात लोण्यावरचं रेशन उठलं, जुलैत मांसावरचं उठलं, आणि चौदा वर्षांनंतर ऑख्टरलोन गावच्या शनिवारच्या बाजाराला पुन्हा बाजाराचा वास येऊ लागला. खाटकाच्या फळीवरून ओघळलेलं रक्त फरसबंदीच्या फटींतून वाहत जायचं. उलटे टांगलेले ससे असायचे, त्यांच्या नाकाखाली थेंब झेलायला पत्र्याचे छोटे डबे बांधलेले असायचे. बायका काही घ्यायचं नसलं तरी चीजच्या चाकांना उगाच हात लावून पुढे जायच्या. इतकी वर्षं आठवड्याला माणशी दोन-तीन औंस लोण्यावर काढलेल्या बायका त्या. एवढंसं लोणी डबीत कुठवर येतं, हे त्यांना पाठ झालं होतं.

ग्रिझल इम्री तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. हाय स्ट्रीटवरचा वडिलांचा फोटो स्टुडिओ तीच चालवत होती. लग्नं, बाप्तिस्मे आणि पोस्टकार्डांसाठी चर्चचा मनोरा, असं तिचं काम. लग्न केलेलं नव्हतं. धाकटा भाऊ मर्डो बाजारात लोणी-चीजचा स्टॉल लावायचा, आणि दोघं स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर राहायची.

सप्टेंबरात नगरपालिकेने पाहुण्यांसाठी एक पुस्तिका काढायची ठरवली. गावचा खाण्यापिण्याचा बाजार आणि जुन्या वास्तू, असे बारा फोटो. पालिकेचे चिटणीस स्वतः स्टुडिओत आले.

"मिस इम्री, ट्रॉन नीट दिसला पाहिजे. मागे भरलेले स्टॉल दिसले पाहिजेत. मध्ये कुणाची ढुंगणं नकोत."

"शनिवारी दुपारी? मग सगळं गावच उचलून न्यावं लागेल."

"ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्या वडिलांना जमायचं."

ट्रॉन म्हणजे बाजाराच्या मधोमध उभा असलेला ओकचा काळा खांब. पूर्वी गावाचा सरकारी तराजू त्याला टांगलेला असे. तराजू गेला, खांब राहिला, आणि खांबावर माणसाच्या कानाच्या उंचीवर चौकोनी डोक्यांचे चार खिळे राहिले. काटा मारणाऱ्या दुकानदाराचा कान तिथे ठोकत आणि बाजार उठेपर्यंत त्याला तसाच उभा ठेवत. लवकर सुटायचं असेल, तर त्याने स्वतःच हिसका मारून सुटायचं. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत ती हसत हसत सांगत.

वडिलांना जमायचं ते ग्रिझललाही येत होतं. मोठा लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, फिल्मऐवजी प्रकाश सावकाश टिपणारी मंद काच घालायची, भिंगाचं छिद्र टाचणीच्या डोक्याएवढं करायचं, वर काळपट काच बसवायची आणि झाकण काढून चार मिनिटं थांबायचं. एवढ्या वेळात जे हलतं ते काचेवर उमटतच नाही. भर गर्दीतसुद्धा चालती-फिरती माणसं पुसली जातात आणि स्थिर असेल तेवढंच उरतं.

पहिल्या शनिवारी बाराच्या ठोक्याला तिने झाकण काढलं. बाजार गच्च भरलेला होता. बेथिया कारगिल ही मासेवाली सगळ्यांच्या वर ओरडत होती.

"ए फोटोवाली! त्या काळ्या फडक्यात कोण लपवलायस? नवरा का?"

"नवरा असता तर आत गुदमरून केव्हाच मेला असता," मर्डो आपल्या स्टॉलवरून म्हणाला, आणि भोवतालच्या बायका हसल्या.

"तू गप रे, अर्ध्या औंसवाल्या," बेथिया म्हणाली.

पुन्हा सगळे हसले, पण या हसण्यात जरा वेगळा सूर होता. बेथियाने हॅडकचं मुंडकं छाटलं, मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. मासे संपले तरी तिचा सुरा चाललाच होता. फळीच्या ढलप्या उडत होत्या. शेजारणीने खांद्याला हात लावला तेव्हा ती थांबली आणि सुऱ्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघत राहिली.

संध्याकाळी ग्रिझलने काच धुतली. स्टॉल सुरेख आले होते. चीजची चाकं, कोबीच्या राशी, टांगलेले ससे, सगळं होतं. माणूस मात्र एकही नको होता आणि होते सात. ट्रॉनभोवती अर्धगोलात, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे. धूसर नाहीत, अगदी कोरल्यासारखे. चार मिनिटं पापणीसुद्धा न हलवता उभी राहिलेली माणसंच अशी उमटतात. आणि ती चारही मिनिटं ग्रिझलची नजर ट्रॉनवर होती. तिथे कुणीही थांबलेलं नव्हतं.

काचेत दोष असेल, असं म्हणून तिने काचांचं नवं खोकं मागवलं.

दुसऱ्या शनिवारी ती कॅमेरा लावत असताना वरच्या आळीतल्या एका म्हातारीने मर्डोच्या स्टॉलवर आवाज चढवला. "घरी जाऊन तोललं मी. हे पाऊण पौंडसुद्धा नाही!"

"आजी, तुमच्या घरच्या काट्यावर मांजर बसलेलं असेल," मर्डो म्हणाला.

शेजारच्या स्टॉलवरचा रँकिन खाटीक मोठ्याने हसला. धिप्पाड, पण मुलखाचा मवाळ माणूस. चर्चमध्ये गाताना त्याचे डोळे भरून यायचे. हसता हसता त्याने मर्डोचं मनगट धरलं, आपल्या लाकडी ठोकळ्यावर दाबलं आणि सत्तूर उगारून खाली आणला. पातं बोटांपासून अर्ध्या इंचावर रुतलं.

सगळे हसले. मर्डोही हसला, पण त्याच्या अंगठ्याचं नख तुटून रक्त आलं होतं. रँकिनचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "थट्टा केली रे," तो म्हणाला. "थट्टाच केली मी. नाही का?" हे तो मर्डोला विचारत नव्हता. आपल्या हाताला विचारत होता.

ग्रिझलने झाकण काढलं आणि चार मिनिटं मोजली. त्या वेळात मर्डो तिच्या मागे नखाला चिंधी गुंडाळत उभा होता. त्याचं शीळ घालणं तिला सतत ऐकू येत होतं.

या काचेवर अर्धगोल जवळ आला होता. आता पाठी ओळखता येत होत्या. रुंद पाठ रँकिनची. चौकड्यांची शाल बेथियाची. वरच्या आळीतल्या म्हातारीचं कुबड. आणि मधोमध, खांबाला गाल लावून, एक खांदा उंच असलेला माणूस. मर्डोचा तो खांदा युद्धात जायबंदी झाला होता. गावात तसा दुसरा कुणी नव्हता.

ग्रिझलने ती ओली काच स्टुडिओच्या मोरीत फोडली. तळहात कापला. तसाच फडक्यात धरून ती वर गेली.

मर्डो जेवत होता. तिने ताट बाजूला सारलं.

"पारड्याखालचं शिसं काढ."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"बेचाळीसपासून."

"आणि तू तेच लोणी खात होतीस."

"हो, खात होते. काढ ते. आणि पुढच्या शनिवारी बाजारात जाऊ नकोस."

"का?"

तिने काचेबद्दल सांगितलं. तो हसला नाही, हेच तिला जास्त झोंबलं. "ग्रिझी, रेशन संपलं," तो म्हणाला. "लोक विसरले. एक शनिवार स्टॉल लावला नाही, तर मात्र त्यांना सगळं आठवेल. मी शिसं फेकतो. पण जाणार."

त्याच दिवशी पुलावर उभं राहून त्याने तिच्या देखत तो तुकडा नदीत टाकला. बोटाच्या पेराएवढा होता. बारा वर्षं लोकांच्या लोण्यात बसलेला.

तिसऱ्या शनिवारी तिने कॅमेरा घरीच ठेवला. झाकण उघडणार नाही, तर काही घडणारही नाही, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. टोपली घेऊन ती बाजारात गेली आणि सार्वजनिक विहिरीपाशी थांबली. तिथून मर्डो दिसत होता. तो प्रत्येकीला लोणी तोलून देत होता, वर सुरीच्या टोकाने आणखी थोडं ठेवत होता. बायका पारड्याकडे बघत, मग त्याच्याकडे, आणि न बोलता पुढे सरकत. ऊन होतं. प्लमच्या टोपल्यांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या.

बाराचा बारावा ठोका पडला आणि बाजार थांबला.

आवाज बंद झाला, असं नव्हे. माणसं थांबली. नाणं पुढे करणारा हात तसाच राहिला. ओतलेलं दूध भांड्यात पडलं आणि ओतणारी तशीच वाकलेली राहिली. फक्त गांधीलमाश्या फिरत होत्या.

ग्रिझलला हाक मारायची होती. जीभ उचलेना.

मर्डोने टोपी काढून लोण्याच्या फळीवर ठेवली. कुणी त्याला ओढलं नाही. तो आपल्या पायांनी ट्रॉनपाशी गेला आणि त्याने खांबाला गाल लावला.

सातजण निघाले. घाई नाही, गोंधळ नाही. रविवारी चर्चमध्ये आपापल्या बाकाकडे जावं तसे. रँकिनच्या हातात मांस ठेचायची लाकडी मोगरी होती. बेथियाने ॲप्रनच्या खिशातून काहीतरी काढलं आणि त्याला दिलं.

मर्डोच्या कानामागे तीळ होता. सकाळच्या दाढीचा साबण तिथे वाळून राहिला होता. कानाच्या पाळीवरची लव उन्हात सोनेरी दिसत होती, आणि मानेला ताज्या लोण्याचा वास होता.

पहिला घाव.

मऊ आवाज आला. रक्त त्याच्या कॉलरवर उडालं.

दुसऱ्या घावाला लाकडाचा आवाज आला. तिसऱ्याला लोखंडाचा.

मर्डोने डोळे मिटले होते. तो ओरडला नाही.

मग बारा वाजून चार मिनिटं झाली असावीत, कारण सगळा बाजार एकदम बोलू लागला. "ताजे हॅडक! आजचे हॅडक!" बेथिया आपल्या फळीमागून ओरडत होती. दूध सांडल्याबद्दल कुणीतरी कुणावर तरी चिडलं होतं.

तेव्हा मर्डो किंचाळला.

सगळे धावले. रँकिन सर्वांत पुढे होता. "कुणी केलं हे? अरे देवा, कुणी केलं?" म्हणत तो दोन्ही हातांनी खिळा उपसू पाहत होता, नखं फुटेपर्यंत. खिळा तसूभर हलला नाही. पकड आणली, पहार आणली. मर्डोने सगळ्यांना मागे ढकललं, तोंडाने श्वास घेतला आणि मान झटकली.

खांबावर उरलं ते बेथियाने आपल्या रुमालात घेतलं. ती हुंदके देत होती.

चौकशीला आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने एकशे बारा माणसांचे जबाब घेतले. प्रत्येकजण त्या वेळी आपापल्या जागी होता, आणि प्रत्येकाचे दोन-दोन साक्षीदार होते. मर्डोने कुणाचंच नाव घेतलं नाही. अधिकाऱ्याने खिळा तपासायला लोहार बोलावला. लोहार म्हणाला, हा खिळा लाकूड ओलं असतानाचा आहे. भोवती लाकूड आवळून बसलंय. याला निदान तीनशे वर्षं झाली असतील. मग ते दोघं बराच वेळ खिळे मोजत उभे होते. पाच होते.

पुस्तिका अकरा फोटोंची निघाली. हिवाळ्यापूर्वी पालिकेने ट्रॉनला ताडपत्री गुंडाळली आणि पुढे तो कोठारात नेऊन टाकला. रँकिनने नाताळच्या आधी दुकान बंद केलं. रेल्वेत सिग्नलच्या कंदिलांना तेल घालायचं काम धरलं. चर्चमध्ये येत राहिला, पण गायला नाही. बेथिया एकाहत्तर सालापर्यंत मासे विकत होती. ती तोलताना पारडं नेहमी खाली टेकू द्यायची आणि कुणाच्याही तोंडाकडे बघायची नाही. वरच्या आळीतली म्हातारी त्याच थंडीत गेली. ग्रिझलने मोठा कॅमेरा विकून टाकला. पासष्ट वर्षांची झाल्यावर स्टुडिओ बंद केला आणि बहिणीसारख्या एका मैत्रिणीबरोबर समुद्रकाठच्या घरात राहायला गेली.

मर्डो पंचावन्नच्या वसंतात कॅनडाला गेला. लाकडाच्या गिरणीत लागला, लग्न केलं, केस वाढवून कान झाकले. दर नाताळाला त्याचं पत्र यायचं. त्या दिवसाचा उल्लेख त्याने कधी केला नाही, तिनेही नाही. शेवटचं पत्र एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात आलं. तोवर त्याला धड बसताही येत नव्हतं, अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. थंडी, गुडघे, नातीचा पहिला दात, असं सगळं लिहून झाल्यावर खाली होतं:

"ग्रिझी, इतकी वर्षं विचारीन म्हणत राहिलो. रँकिनने मोगरी उचलली तेव्हा तू माझं डोकं दोन्ही हातांत धरलं होतंस. मग वाकून त्या कानात काहीतरी म्हणालीस. काय ते मला आठवत नाही, पण काहीतरी मायेचं असणार, कारण मी हललो नाही. काय म्हणाली होतीस?"

ग्रिझलने खिडकीपाशी बसून लगेच उत्तर लिहायला घेतलं. आपण विहिरीपाशी होतो, चाळीस पावलं लांब, तिथून हलूच शकलो नाही, हे एवढंच तिला लिहायचं होतं. 'प्रिय मर्डो' लिहून झालं, आणि काचेतल्या आपल्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. तिचे ओठ सावकाश हलत होते. ती काहीतरी बोलत होती, आणि त्यातला एक शब्दही तिला ऐकू येत नव्हता.